रॅम नव्हे, ऊनही नव्हे : फर्मवेअर अपडेटने बिघडलेल्या लॅपटॉपची हकीकत

नागपुरातील इतवारी, गांधीबाग आणि महाल या भागांतील लहान व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवण्याचे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम मी प्रतापनगरमधील घरूनच करते, आणि ते सारे एका लॅपटॉपवर चालते. मे २०२५ मध्ये या लॅपटॉपचे फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरील बायोस, आपोआप अपडेट झाले आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर यंत्र या ना त्या तऱ्हेने बंद पडत राहिले. दुरुस्ती अखेर वॉरंटीत आणि विनामूल्य झाली. परंतु बिघाड फर्मवेअरचा आहे हे समोरच्याला पटवण्यात जेवढा वेळ गेला, त्याच्या निम्मादेखील प्रत्यक्ष दुरुस्तीत गेला नाही. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा होता हे मी येथे लिहीत नाही. असा प्रकार कोणत्याही कंपनीच्या यंत्रात होऊ शकतो, आणि ज्याच्यावर ती वेळ आली आहे त्याला नावापेक्षा गोष्टी कोणत्या क्रमाने कराव्यात हे अधिक उपयोगी पडेल.

लॅपटॉप नोव्हेंबर २०२३ मध्ये सीताबर्डीतील एका दुकानातून घेतलेला होता. विंडोज ११ ची होम आवृत्ती, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, आणि जास्तीचे पैसे भरून तीन वर्षांपर्यंत वाढवलेली ऑनसाइट, म्हणजे घरी येऊन दुरुस्तीची, वॉरंटी. हे वाढीव पैसे भरताना दुकानदाराच्या आग्रहाचा मला थोडा रागच आला होता, तो नंतर पार गेला.

मंगळवारी, ६ मे रोजी संध्याकाळी काम आटोपून मी यंत्र बंद करू लागले, तेव्हा नेहमीप्रमाणे ‘अपडेट अँड शट डाउन’ हा पर्याय दिसला. तो निवडल्यावर मात्र नेहमीचा पडदा आला नाही. काळ्या पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह, त्याखाली हळूहळू भरत जाणारी एक पट्टी आणि ‘फर्मवेअर अपडेट होत आहे, यंत्र बंद करू नका’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना दिसली. चार्जर लावलेला होता, वीज होती, मध्ये काही अडथळा आला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे प्रत्येकाने मला पहिला प्रश्न हाच विचारला की अपडेट चालू असताना लाइट गेली होती का. गेली नव्हती. अपडेट पूर्ण झाले होते. जे भरले गेले तेच सदोष होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केले तेव्हा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, निळा पडदा समोर आला आणि त्याने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. हे पाहून बहुतेकांचा धीर सुटतो, माझाही क्षणभर सुटला, परंतु या टप्प्यावर डेटा गेलेला नसतो. लॅपटॉपमधील टीपीएम ही सुरक्षा चिप यंत्र सुरू होताना फर्मवेअरची ओळख तपासते, आणि ती बदललेली आढळली की डिस्कचे कुलूप आपोआप उघडण्यास नकार देते. विंडोजमार्फत फर्मवेअर बदलले जाते तेव्हा सामान्यतः हे कुलूप तेवढ्यापुरते स्थगित ठेवले जाते. माझ्या यंत्रावर तसे झाले नाही. होम आवृत्तीत ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ‘डिव्हाइसेस’ या भागात ती मिळाली. एकाहून अधिक की दिसत असतील तर निळ्या पडद्यावरील ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरे जुळवून पाहावीत. मिळालेली की मी त्याच दिवशी कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवली. पुढे तिची पुन्हा गरज पडली.

यंत्र सुरू झाले आणि त्या दिवशी दुपारपर्यंत ठीक चालले. त्यानंतर टॅलीमध्ये नोंदी करीत असताना पडदा गोठला, पंखा एकदम जोरात फिरू लागला आणि काही सेकंदांत यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. मग हे दिवसातून अनेकदा होऊ लागले. कधी निळ्या पडद्यावर ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’, म्हणजे दुरुस्त न होणारी हार्डवेअर-त्रुटी, अशी ओळ येई, कधी काहीही न सांगता अंधार होई. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन मध्येच दिसेनासा होई आणि सहीच्या ऐन वेळी ‘टोकन सापडला नाही’ असे उत्तर मिळे. एप्रिलच्या जीएसटीआर-१ विवरणपत्राची मुदत ११ मे होती आणि तो रविवार होता, त्यामुळे धाकधूक वाढली.

सीताबर्डीतील ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे ८ तारखेला गेले. माणूस प्रामाणिक आणि हाताचा चांगला आहे, पण त्याच्यासमोर रोज जी यंत्रे येतात त्यांवरूनच तो अंदाज बांधणार. त्याने आधी उन्हाला दोष दिला. “ताई, नवतपा अजून लागायचा आहे आणि आताच ही गत, जूनपर्यंत रोज हेच येणार आहे आमच्याकडे.” पंखा स्वच्छ करून, थर्मल पेस्ट बदलूनही यंत्र त्याच्याच टेबलावर पुन्हा बंद पडले, तेव्हा त्याने दुसरी रॅम लावून पाहिली, आणि तरीही तेच झाल्यावर म्हणाला, “आता फॉरमॅट मारून टाकू, होऊन जाईल. डेटा आहे का काही?”

“डेटाच तर आहे, भाऊ,” मी म्हटले, आणि ६०० रुपये देऊन यंत्र परत आणले.

फॉरमॅटने हा बिघाड जाणार नव्हता, हे तेव्हा मला नीटसे सांगता आले नसते. आता सांगता येते. विंडोज एसएसडीवर असते आणि फर्मवेअर मदरबोर्डवरील एका लहानशा वेगळ्या चिपमध्ये. प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यायचे, एसएसडी आणि वाय-फाय ज्या मार्गांनी जोडलेले असतात ते मार्ग केव्हा झोपवायचे आणि केव्हा जागे करायचे, पंखा कधी फिरवायचा, यांचे प्राथमिक नियम तेथून ठरतात. घराच्या जोत्याला तडा गेला असताना भिंती पाडून नव्या बांधाव्यात, तसे फॉरमॅट करणे होते. असे बिघाड रॅमसारखे, तापल्यासारखे, विंडोजसारखे, कशासारखेही दिसतात. म्हणूनच त्यांचे निदान चुकते. मोठ्या कंपन्यांनाही यातून जावे लागले आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या सुरक्षा-त्रुटीवर उपाय म्हणून इंटेलने दिलेल्या मायक्रोकोडमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतील मूळ सूचनांच्या अपडेटमुळे, ठिकठिकाणची यंत्रे अचानक रीस्टार्ट होऊ लागली, आणि ते वितरण थांबवा असे इंटेललाच २२ जानेवारीला सांगावे लागले. त्यानंतर आठवड्याभरात मायक्रोसॉफ्टने तो उपाय तात्पुरता बंद ठेवणारे खास अपडेट काढले. हा दाखला मी पुढे कंपनीला लिहिलेल्या पत्रातही घातला, आणि ‘अपडेटने यंत्र रीस्टार्ट होऊच शकत नाही’ हा सूर त्यानंतर ऐकू आला नाही.

मधल्या काळात मुदत निभावणे आवश्यक होते. बहिणीचा मुलगा अभियांत्रिकीला आहे. त्याच्या संगणकावर बसून विवरणपत्रे भरली. ज्यांचा व्यवसाय एकल मालकीचा आहे त्यांना मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने, विवरणपत्र दाखल करता येते. डिजिटल सही कंपन्यांना आणि एलएलपींना, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांना, लागते. माझ्याकडचे बहुतेक व्यापारी पहिल्या प्रकारातले असल्याने मोठी सोय झाली. प्रत्येकाला फोन करून ओटीपी मागताना रविवारची दुपारची झोप मोडल्याबद्दल दोन शब्द ऐकून घ्यावे लागले, एवढेच.

भाच्यानेच मग निदानाला दिशा दिली. “मावशी, तू विंडोज जरा बाजूला ठेव. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून पाहू. तिथेही हेच झालं, तर विंडोजचा यात काही संबंध नाही.” त्याने पेनड्राइव्ह तयार केला, डिस्कला हात न लावता उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली त्यावरूनच सुरू केली आणि तिच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, नोंदी उघडल्या. पीसीआय एक्सप्रेस मार्गावर, म्हणजे एसएसडी आणि वाय-फाय ज्याने जोडलेले असतात त्या मार्गावर, त्रुटी आली आणि दुरुस्त केली गेली, अशा एकाच अर्थाच्या ओळी पडद्यावर धावत होत्या, आणि चहा होईपर्यंत यंत्र तेथेही गोठले. त्या रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला. सकाळपर्यंत रॅममध्ये एकही चूक सापडली नाही. ही चाचणी कूलरच्या झोतात चालली होती, म्हणून पुढे दुपारी कूलर बंद असतानाही तापमान तपासून पाहिले. यंत्र बंद पडण्याच्या क्षणी प्रोसेसर साठ अंशांच्या आसपास होता, जे लॅपटॉपच्या मानाने काहीच नाही. रॅम, ऊन आणि विंडोज असे तिन्ही संशयित या चाचण्यांतून सुटले. पेनड्राइव्हचा खर्च ४०० रुपये आला.

यानंतर पुरावा जमवला. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केले की ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत बोलके पान तेच होते. त्यात एक ते दहा या मोजपट्टीवर यंत्राच्या स्थैर्याची निळी रेषा काढलेली असते आणि प्रत्येक दिवसाचा एक उभा रकाना असतो. माझी रेषा एप्रिलभर दहाच्या जवळ सपाट होती. ६ मेच्या रकान्यात तळाशी माहितीचे निळे चिन्ह होते, आणि त्यावर क्लिक केल्यावर यशस्वीरीत्या बसवलेल्या फर्मवेअर अपडेटचे नाव दिसत होते. ७ मेच्या रकान्यात पहिले लाल चिन्ह होते, आणि तेथून रेषा जी खाली घसरली ती पुन्हा वर आली नाही. पडद्यावरील या एका चित्राचे छायाचित्र पुढे जेवढे उपयोगी पडले, तेवढे माझे कोणतेही बोलणे पडले नाही.

दुसरा पुरावा ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘सिस्टम’ नोंदवहीचा. तेथे ‘व्हीआ-लॉगर’ या स्रोताच्या १७ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे आपोआप दुरुस्त झालेल्या हार्डवेअर-त्रुटी, मिनिटागणिक ढिगाने पडत होत्या. मध्येच १८ क्रमांकाची, म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेली. आणि प्रत्येक अचानक बंद पडण्यानंतर ‘कर्नल-पॉवर ४१’. येथे एक गोष्ट अवश्य सांभाळावी. या नोंदवहीचा आकार मर्यादित असतो, साधारणतः २० एमबी, आणि ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. त्रुटींचा पूर आला की अपडेटच्या आधी यंत्र निरोगी होते हे दाखवणाऱ्या नोंदीच वाहून जातात. म्हणून बिघाड लक्षात येताच ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज’ने संपूर्ण नोंदवहीची प्रत काढून मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी आणि मगच बाकीचे उपचार करावेत. त्याशिवाय ‘सिस्टम इन्फर्मेशन’मधील बायोसचा आवृत्ती क्रमांक आणि दिनांक, आणि ‘अपडेट हिस्टरी’तील नोंद यांची छायाचित्रे घेतली.

कंपनीच्या मोफत क्रमांकावर १४ मे रोजी तक्रार नोंदवली आणि तिकीट क्रमांक मिळाला. फोनवरील प्रतिनिधी विनम्र होते, परंतु त्यांच्यासमोरची प्रश्नावली ठरलेली होती : यंत्रातील अंगभूत चाचणी करा, ती उत्तीर्ण झाली तर फॉरमॅट करा, त्यानेही भागले नाही तर पुन्हा फोन करा. ती चाचणी उत्तीर्णच होत होती, कारण ती प्रत्येक भाग काही मिनिटे तपासते आणि आमचा बिघाड यंत्राला विश्रांती मिळून ते पुन्हा जागे होताना उद्भवत होता. परिणामी ‘हार्डवेअर ठीक आहे, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे आणि सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही’ असे उत्तर मिळाले. या वाक्यावर पुष्कळ ग्राहक थांबत असतील. फर्मवेअर हे म्हटले तर सॉफ्टवेअरच आहे, पण ते कंपनीने लिहिलेले, कंपनीने पाठवलेले आणि ग्राहकाला स्वतःहून काढता न येणारे सॉफ्टवेअर आहे, हे मी त्यांना लेखी कळवायचे ठरवले.

ईमेल लांबलचक लिहिले नाही. मॉडेल, सिरियल नंबर, तिकीट क्रमांक, अपडेट बसल्याचा दिनांक आणि आवृत्ती. त्याखाली तारीखवार घटना. त्याखाली केलेल्या चाचण्या आणि त्यांचे निकाल. आणि शेवटी मागणी, की एकतर चालणारी फर्मवेअर आवृत्ती द्यावी किंवा मदरबोर्ड बदलून द्यावा. सोबत रिलायबिलिटी मॉनिटरचे चित्र आणि नोंदवहीची प्रत जोडली. दोन दिवसांनी उत्तर आले, पण यंत्र सेवा केंद्रात आणून दाखवा एवढेच. ऑनसाइट वॉरंटी असताना केंद्रात का जायचे, हा वाद घालण्यासारखा होता. मी घातला नाही, कारण यंत्र समोर ठेवून बोलणे मला बरे वाटले.

सुभाषनगरहून ॲक्वा लाइनने सीताबर्डी आणि तेथे गाडी बदलून ऑरेंज लाइनने कस्तुरचंद पार्क असा मेट्रोने गेल्यास सदर भागातील त्या केंद्रापर्यंतचा प्रवास उन्हाळ्यातही सुसह्य होतो. तेथील अभियंत्याने जॉब शीट भरायला घेतली. येथे ग्राहकाने घाई करू नये असे मला वाटते. तक्रारीच्या रकान्यात तो ‘नो बूट / रीस्टार्ट इश्यू’ एवढेच लिहीत होता. मी ‘६ मेच्या बायोस अपडेटनंतर’ हे शब्द घालून घेतले. ‘डेटा पुसण्यास संमती’ या छापील ओळीवर काट मारून सही केली. यंत्रावर आधीचे कोणते ओरखडे आहेत तेही लिहवून घेतले. व्यापाऱ्यांची कागदपत्रे डिस्कवर असल्याने एसएसडी मी स्वतःजवळ ठेवणार आहे हे सांगितले, आणि त्याने ती माझ्यासमोर काढून दिली; ‘एसएसडी ग्राहकाकडे’ अशी नोंदही केली. त्याआधी घरी मी सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचे तेच बिटलॉकरचे कुलूप, बंद करून ठेवले होते. कूट उकलण्याचे हे काम चालू असताना यंत्र मध्येच बंद पडले तरी ते जेथे थांबले तेथून पुढे सुरू होते, हा अनुभव दिलासा देणारा होता; मात्र पुन्हा सुरू होताना तीच ४८ अंकी की त्याने एकदा मागितली. काढलेली एसएसडी बसवण्यासाठी एनव्हीएमई एन्क्लोजर १,३०० रुपयांना घेतले. त्यामुळे सारा डेटा भाच्याच्या संगणकावर यूएसबीने उघडता येऊ लागला आणि २० मेची जीएसटीआर-३बी विवरणपत्रे वेळेत गेली. मुदत हुकली असती तर दिवसाला ५० रुपये, आणि व्यवहारच नसलेल्यांना २० रुपये, असे विलंब शुल्क प्रत्येक व्यापाऱ्यामागे पडले असते.

केंद्राने आपली चाचणी डिस्क लावून यंत्र चालवले आणि ते त्यांच्याकडेही बंद पडले. या घटनेने बोलण्याचा सूर बदलला. अभियंत्याने आधीची बायोस आवृत्ती बसवण्याचा प्रयत्न केला, पण यंत्राने ती नाकारली. जुन्या आवृत्तीतील सुरक्षेच्या फटी कोणी पुन्हा उघडू नयेत म्हणून अनेक कंपन्या मागे जाण्याचा मार्ग फर्मवेअरमध्येच बंद करतात. हेतू चांगला आहे, पण नवी आवृत्तीच सदोष निघाली तर ग्राहक पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही. पेनड्राइव्हवरून आपत्कालीन रिकव्हरी करून पाहिली, तीही त्याच कारणाने फसली. त्याच सुमारास भाच्याच्या लक्षात आले की कंपनीच्या संकेतस्थळावर माझ्या मॉडेलच्या पानावरून ६ मेला बसलेली आवृत्ती नाहीशी झाली आहे आणि तिच्या जागी पुन्हा आधीचीच दिसते आहे. कसलीही सूचना किंवा खुलासा नव्हता. पानाचे छायाचित्र तारखेसह घेऊन ईमेलला जोडले.

त्यानंतर ‘मदरबोर्ड बदलावा लागेल, पार्ट मागवला आहे’ असा निरोप आला, आणि पार्ट येईना. रोज विचारले की ‘ट्रान्झिटमध्ये आहे’ हे उत्तर. या दिवसांत सीताबर्डीतील एका चिप-लेव्हल दुकानात चौकशी केली होती. ते प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाचा चिमटा बायोसच्या आठ पायांच्या चिपवर लावून तिच्यात थेट जुनी आवृत्ती लिहून देतात. भाव १,५०० ते २,५०० रुपये सांगितला. ज्यांची वॉरंटी संपली आहे त्यांच्यासाठी हा मार्ग वाईट नाही, फक्त दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. एक, मूळ चिपमधील मजकुराची प्रत ते प्रथम काढून ठेवतात का. कारण यंत्राचा सिरियल नंबर आणि विंडोजची परवाना की त्याच चिपमध्ये असते, आणि दुसऱ्याच यंत्राची फाइल सरसकट भरली तर ती जाते. दुसरी, चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची हे ते तपासतात का, १.८ व्होल्टच्या चिपला अडॅप्टर न लावता जास्त व्होल्टेज दिले तर ती जळू शकते. माझी वॉरंटी शिल्लक होती, आणि कोणी बाहेरचा हात लागला की ती गमावण्याचा धोका होता, म्हणून मी थांबले.

अखेर २६ मे रोजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येते, शुल्क नाही, आणि तक्रार क्रमांक मोबाइलवर येतो. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागते. तेवढ्यानेही फरक पडतो. त्यातून निभावले नसते तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची माझी तयारी होती. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करता येते. ती वेळ आली नाही. तीन दिवसांत कंपनीच्या वरिष्ठ कार्यालयातून फोन आला, आणि २ जून रोजी अभियंता नवा बोर्ड घेऊन चक्क घरीच आला.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने यंत्र उघडले. बोर्ड बदलायला तासभरही लागला नाही. तो निघण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहून घेतल्या. बायोसच्या पानावर सिरियल नंबर रिकामा होता. त्याने आपल्या साधनाने तो लिहिला, कारण तो नसेल तर वॉरंटीची नोंद पुढे जुळत नाही. फर्मवेअर ६ मेच्या आवृत्तीच्या आधीचे आहे हे पाहिले. आणि विंडोज ‘ॲक्टिव्हेटेड’ दाखवते का ते तपासले. नव्या बोर्डामुळे सुरुवातीला दाखवत नव्हते, सिरियल लिहून इंटरनेट जोडल्यावर झाले. टीपीएम बोर्डाबरोबर बदलल्याने पिन पुन्हा ठरवावा लागला. टॅलीचा परवाना संगणकाशी बांधलेला असतो, म्हणून तो मी जुना बोर्ड काढण्यापूर्वीच सरेंडर केला होता आणि नंतर पुन्हा सक्रिय केला.

जॉब शीटवर कारणाच्या रकान्यात ‘मदरबोर्ड फॉल्टी’ असे लिहिलेले होते. मी त्याला विचारले, “यात फर्मवेअर अपडेटचा उल्लेख का नाही?”

“मॅडम, आमच्या यादीत तसा पर्यायच नाही,” तो म्हणाला. खरेच नव्हता, त्याने मोबाइलवर यादी दाखवली. मी माझ्या प्रतीवर ‘ग्राहकाच्या मते कारण : ६ मेचे बायोस अपडेट’ असे लिहून त्याची सही घेतली. कंपनीने आजपर्यंत कारण लेखी मान्य केलेले नाही, आणि माझी खरी नाराजी पैशांबद्दल किंवा वेळेबद्दल नसून याबद्दल आहे. ज्या इतरांच्या यंत्रांवर तीच आवृत्ती बसली असेल, ते अजूनही रॅम बदलत बसले असण्याची शक्यता आहे.

त्यानंतर मी इव्हेंट व्ह्यूअर रोज पाहत राहिले. १७ क्रमांकाची एकही नोंद आली नाही, रिलायबिलिटी मॉनिटरची रेषा पुन्हा वर चढली, आणि मेचे जीएसटीआर-१ मी जूनमध्ये याच यंत्रावरून भरले. बायोसमध्ये विंडोजमार्फत येणारी फर्मवेअर अपडेट स्वीकारण्याचा पर्याय होता, तो बंदवर ठेवला आहे. हा पर्याय ज्यांच्या यंत्रात नाही त्यांना सेटिंग्जमधून सर्वच अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतात.

फर्मवेअर कधीच अपडेट करू नये, असे मात्र मी कोणाला सांगणार नाही. २०२३ च्या अखेरीस उघड झालेली लोगोफेल ही त्रुटी यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या बोधचिन्हाच्या चित्रातून आत शिरण्याची होती, आणि तिच्यावर फर्मवेअर अपडेटशिवाय उपाय नव्हता. जुलैमध्ये कंपनीने माझ्या मॉडेलसाठी नवी आवृत्ती काढली. तिच्या माहितीपत्रकात ‘स्थैर्यात सुधारणा’ एवढेच शब्द होते. ती मी लगेच घेतली नाही. दोन-तीन आठवडे जाऊ दिले, २० तारखेची मुदत उरकू दिली, डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केले, चार्जर इन्व्हर्टरच्या जोडणीवर लावला आणि एका शनिवारी सकाळी अपडेट केले. एन्क्रिप्शन दुपारी पुन्हा सुरू केले आणि त्याबरोबर तयार झालेली नवी ४८ अंकी की जुन्या कागदावरची खोडून तेथे उतरवली.